सरळ जोडलेला पट्टा

प्रॉबर्टबाईंनी लेथवर मेणकापड टाकून त्यावर जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या. त्यांचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. हौशी यंत्रकारांच्या क्लबच्या लोकांनी तेव्हाच त्याची शेड रिकामी करून दिली होती. धातू कातायचं हे एवढं धूड मागे राहिलं, कारण ते हलवायला चार धडधाकट माणसं लागतात आणि आमच्या क्लबात तेवढी उरली नव्हती.

"दोन म्हातारे आणि एक ग्रंथपाल," बाबांचे जुने मित्र होरेसकाका म्हणाले. "उचललं तर उचललं, नाहीतर आपल्यालाही इथेच कुंड्या ठेवायला घ्या, बाई."

बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कुंड्या एकेक करून खाली ठेवल्या, मेणकापड काढलं आणि लेथच्या बेडवरून, त्या दोन लांब लोखंडी रुळांवरून, अंगठ्याचं नख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. हळूहळू, डोळे मिटून. मग परत. बेड कुठे झिजलाय, कुठे पोचा पडलाय, ते नखाला कळतं. बाबांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये दुसऱ्यांच्या लेथवर काम केलं होतं. स्वतःचं असं हे पहिलं.

"एक ओरखडा नाही," ते म्हणाले. "सन बाराचं आहे हे, एव्हरिल. आणि एक ओरखडा नाही."

"म्हणजे तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं," काका म्हणाले. "पण बघ, याचे सांधे वाजत नाहीत."

"तुझं तोंड वाजतं तेवढं पुरे आहे आपल्या तिघांना."

पैशांचं काय ते बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन उरकलं. क्लबात तो व्यवहार चारचौघांत करत नाहीत. आम्ही लेथ सुटा केला, तुकड्यातुकड्याने काकांच्या व्हॅनमध्ये चढवला आणि दुपारपर्यंत बिल्स्टनला, बाबांच्या परसातल्या शेडमध्ये आणून बाकावर पुन्हा जोडला. मार्च महिना होता. काका तीन वाजता गेले. डुकराचं मांस भरलेली गार पेस्ट्री आणि व्हिनेगरमधले कांदे आम्ही उभ्याउभ्याच खाल्ले.

आता फक्त मोटर राहिली होती. ती बाबांनी आईच्या जुन्या वॉशिंग मशीनमधून काढून ठेवलेली होती. लेथच्या मागे, भिंतीलगत ती बसवली. तिच्या चाकावरून लेथच्या चाकावर एक चामडी पट्टा यायचा होता. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना तारेचे बारीक आकडे. ते एकमेकांत बसवायचे आणि मधून एक तार सरकवायची, की जोड पक्का.

"ही मोटर उलटी फिरते," बाबा म्हणाले. "म्हणून पट्टा सरळ घालायचा नाही. मध्ये फुली पडली पाहिजे. आठाचा आकडा. म्हणजे लेथ सुलटा फिरेल. कळलं?"

"कळलं."

त्यांना गुडघ्यांमुळे खाली वाकवत नव्हतं. बॅटरी घेऊन मी बाकाच्या मागे शिरले. आठाचा आकडा केला. पट्टा कमी पडत होता. आकडे जुळत आले की तार हातातून निसटायची. दोनदा खाली पडली, दोनदा मी ती धुळीतून चाचपून काढली. बोटं सोलली. पाच वाजून गेले होते आणि माझी बस सव्वापाचची. ती चुकली तर शनिवारी पुढची तासाने. घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. एक पुस्तक अर्धवट राहिलं होतं, एवढंच.

मी फुली काढून टाकली. पट्टा सरळ केल्यावर टोकं लगेच जुळली, तार लोण्यात गेल्यासारखी आत गेली.

"झाला का आठ?" बाबांनी वरून विचारलं.

"झाला."

त्यांनी मला हात देऊन उठवलं, माझ्या कोटावरची जळमटं झटकली. "उद्या पहिला काप घेतो. येतेस?"

"पुढच्या शनिवारी येते, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमाराला, शेजारच्या फेलोजबाई परसात कपडे वाळत घालत होत्या. त्यांना शेडमधून मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड आदळलं, पुन्हा आदळलं. मोटर चालूच राहिली. त्यांनी हाका मारल्या, मग समोरच्या गल्लीत होरेसकाकांकडे धावल्या. मी पोचले तोवर बाबांना स्वयंपाकघरात आणून चादरीखाली ठेवलं होतं आणि एक तरुण हवालदार टोपी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. शवविच्छेदनातही तेच निघालं, पुढे चौकशी झाली नाही.

"काय आदळलं होतं?" मी विचारलं.

"चक," काका म्हणाले. "दाराशी पडला होता. चढवताना हातातून सुटला असणार, आणि त्याच वेळी त्याला… तू नको त्याचा विचार करूस."

चक म्हणजे कापायची वस्तू धरून ठेवणारा तो लोखंडी जबडा, पंधरा पौंडांचा. काका जे म्हणाले ते खरं असू शकत होतं. पण मोटर चालू ठेवून चक कोणी चढवत नाही, एवढं मलाही कळत होतं.

शुक्रवारी दफन झालं. शनिवारी वाचनालयात मी संदर्भविभागातून लेथवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि कपाटांच्या मध्ये उभ्यानेच वाचलं. जुन्या लेथवर चक आट्यांनी बसवलेला असतो, बाटलीवर झाकण बसवतात तसा. लेथ सुलटा फिरला की तो घट्ट होत जातो. उलटा फिरला तर सुटतो, आणि वेगात असला तर उडतो. पुस्तकात याबद्दल दोनच ओळी होत्या आणि त्या अगदी शांतपणे लिहिलेल्या होत्या. मी त्या पुन्हा वाचल्या नाहीत. पुस्तक परत जागेवर ठेवलं.

रविवारी मी शेडचं कुलूप काढलं. आत तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास होता. कोणीतरी चक पुसून बाकावर, फडक्यावर ठेवला होता. मी बॅटरी घेतली, बाकामागे गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ बॅटरी न पेटवता तशीच राहिले. मग पेटवली.

पट्ट्यात फुली होती. स्वच्छ, ताठ, आठाचा आकडा.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. क्षणभर पडलाही. बाबांनी बघितलं, मला चार शिव्या हासडल्या, कसंबसं खाली बसून पट्टा बदलला आणि मग आपल्या वेळेला गेले. पण ते गुडघे? त्या फटीत मी जेमतेम मावत होते. आणि पट्टा त्यांनी सुधारला असेल, तर चक दाराशी का गेला? त्यांच्यानंतर या शेडमध्ये एकच माणूस आला होता. पट्टा जर होरेसकाकांनी फिरवला असेल, तर बाबांनी लेथ चालवला तेव्हा तो माझ्या हातचाच होता.

दोघांपैकी कोण, हे काकांना विचारलं की कळलं असतं. पण विचारायचं तर आधी सांगावं लागणार होतं.

क्लबाच्या रीतीप्रमाणे काका पंधरा दिवसांनी आले, डायरी आणि पेन्सिल घेऊन. सभासद गेला की त्याच्या वस्तू सभासदच मोजतात, भाव लावतात आणि आपसात घेतात. बाहेरच्याच्या हाती जाऊ देत नाहीत.

"लेथसाठी तिघं रांगेत आहेत," ते म्हणाले. "त्यातला एक तर दफनाच्या वेळीच विचारत होता, गाढव."

"लेथ विकायचा नाही, काका."

"मग? तूही कुंड्या ठेवणार?"

"शिकणार आहे. तुम्ही शिकवा."

ते हसायला लागले आणि मधेच थांबले. माझ्याकडे नाही, बाकामागच्या भिंतीकडे त्यांनी बघितलं. फार तर एक सेकंद. त्या एका सेकंदावर मी पुढचे सात दिवस काढले.

"एव्हरिल, हे तुझं काम नाही पोरी. हे यंत्र माणसं ओळखत नाही."

"म्हणून तर शिकायचंय."

"बापासारखीच हट्टी," ते म्हणाले. "रविवारी दहाला. केस बांधून ये. अंगठी, घड्याळ, गळ्यातला रुमाल, सगळं घरी. बाही कोपराच्या वर. हातमोजे घालून आलीस तर दारातूनच परत पाठवीन."

"हातमोज्यांनी तर हात वाचतील ना?"

"हातमोजा अडकला की हात आत जातो. उघडं बोट निदान तुटून मोकळं तरी होतं."

पहिल्या दोन रविवारी त्यांनी मोटरची वायरच काढून ठेवली होती. मी लेथ हाताने फिरवायचा, तेल कुठे घालायचं ते शिकायचं, चकची चावी चकमध्ये एक क्षणही विसरायची नाही. "चावी हातातून सुटली पाहिजे ती खिशातच. चकमध्ये राहिली आणि लेथ सुरू झाला, तर ती तुझ्या दातांतून पलीकडे जाईल." ते हे सगळं चहात साखर किती घालायची ते सांगावं तशा आवाजात सांगत. मी मान डोलवायची. चक चढवताना बेडवर लाकडाची फळी ठेवायची, म्हणजे सुटला तर बेडला इजा होत नाही. मी दोन्ही हातांत चक धरला. त्याचं वजन अंदाजापेक्षा जास्तच होतं. हातात धरल्यावर ते मनगटांना खाली ओढत राहिलं. ही वस्तू दारापर्यंत गेली होती. बाकापासून दार नऊ फूट आहे.

"कापतेयस तू," काका म्हणाले.

"थंडी आहे."

"एप्रिल चाललाय."

दुसऱ्या रविवारी ते तेलाचा डबा आणायला बाहेर गेले असताना मी बाबांसारखं करून बघितलं. अंगठ्याचं नख बेडवरून ओढत नेलं. गार, गुळगुळीत, काचेसारखं. आणि मग चकच्या खाली नख अडकलं. पोचा होता, ताजा, आतून चकचकणारा. मी पुन्हा नख नेलं. पुन्हा अडकलं.

काका दारात उभे होते.

"जुना आहे तो," ते म्हणाले. "प्रॉबर्टच्या वेळचा."

मी हात मागे घेतला. बाबांचं नख त्या जागेवरून माझ्या डोळ्यांसमोर दोनदा गेलं होतं, आणि तेव्हा काका माझ्या शेजारीच उभे होते. होरेसकाका चिडतात, टोमणे मारतात, पण मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांनी माझ्याशी कधी खोटं बोललेलं मला आठवत नाही. आता बोलले होते. म्हणजे त्यांना माहीत होतं. पट्टा कोणी जोडला हेही माहीत असेल का? बाबांनी त्यांना शनिवारी संध्याकाळी सांगितलं असेल का, पोरीनं जोडला म्हणून? आणि ते मला शिकवत होते, का माझ्यावर नजर ठेवत होते?

त्या आठवड्यात मी वाचनालयात एका बाईला दोनदा चुकीचं पुस्तक दिलं. दूरध्वनी वाजला की मला वाटायचं, काका असतील, आणि सरळच विचारतील. जेवण जात नव्हतं. मी मोठी झालेली बाई होते, सेहेचाळीस वर्षांची, आणि शाळेत काच फोडलेल्या मुलीसारखी जिने चढताना पावलांचा आवाज ऐकत होते.

तिसऱ्या रविवारी आम्ही पितळेचा एक तुकडा चकमध्ये धरला. वायर अजून जोडलेली नव्हतीच, काकांनी चाक हाताने ओढलं आणि मी टूल पुढे सरकवलं. बारीक सोनेरी भुगा उडाला. तुकड्याच्या टोकाला एक स्वच्छ, झळझळीत पट्टी उमटली, नखाएवढी रुंद. मला हसू फुटलं. माझ्या नकळत फुटलं.

"बघ," काका म्हणाले. "तुझ्या बापानं, विल्फनं, हे बघायला पाहिजे होतं. वाचनालयात सगळ्यांना गप्प करतेस, इथे आता हे बोलायला लागलंय." आणि मग, भुगा फडक्याने गोळा करता करता, "पुढच्या रविवारी मोटर."

पुढच्या रविवारी मी सकाळी लवकरच निघाले. बसमध्ये दोनदा वाटलं की उतरावं. काका माझ्याआधीच पोचले होते. वायर जोडलेली होती. चक चढवलेला होता, चावी खिळ्याला टांगलेली. माझे हात त्यांनी उलटेसुलटे करून तपासले, केस तपासले.

"आता काहीही झालं तरी ही सवय ठेवायची," ते म्हणाले. "बटण दाबायच्या आधी पट्टा बघायचा. दर वेळी. काल चालवला असलास तरी." असं म्हणून ते बाकाला धरून कष्टाने वाकले, आणि बघत राहिले. पट्टा बघायला एवढा वेळ लागत नाही. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "ठीक आहे. एका बाजूला उभी राहा. चकच्या समोर कधी नाही. हं, दाब."

बटण हिरवं होतं, पितळी कड्यात बसवलेलं. बाबांनी त्याच्याभोवती पांढऱ्या रंगाने 'चालू' असं लिहिलं होतं, त्यांच्या त्या ठसठशीत टूलरूमच्या अक्षरात. त्यांनी इथेच उभं राहून दाबलं असणार. मी बोट पुढे नेलं. ते बटणाला लागलं, आणि मला ते ढकलता येईना.

"दाब की."

"नाही येत."

"भीती वाटली तर हरकत नाही. भीती वाटत नाही त्यालाच मी हात लावू देत नाही."

"काका," मी म्हटलं. "पट्टा तुम्ही फिरवलात का?"

त्यांनी हात लांब करून भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं आणि एका लाकडी खोक्यावर बसले.

"तुला कसं कळलं?"

"फिरवलात ना?"

"हो. मोटर बंद केली, त्याची नाडी बघितली, काही नव्हतं. फेलोजबाई फोन करायला गेल्या. चक दाराशी पडलेला बघितला आणि मला कळलंच. बॅटरी मारून बघितलं, तर पट्टा सरळ." त्यांनी टोपी काढली आणि तिची आतली कडा बोटांनी फिरवत राहिले. "त्या हवालदाराला काय कळणार होतं? पण संध्याकाळपर्यंत क्लबातलं कोणीतरी आलं असतं. बघितलं असतं. मी तिथेच जमिनीवर पोटावर पडलो आणि पट्टा फिरवला. हवालदार येण्याच्या आधी पाच मिनिटं."

"का?"

"का म्हणजे? अगं, ही पहिल्या वर्षाच्या शिकाऊ उमेदवाराची चूक आहे! एखाद्या पोरानं केली असती तर विल्फनं त्याला टूलरूमच्या बाहेर काढलं असतं. तीनशे मुलं त्याच्या हाताखाली शिकली. त्यातली निम्मी दफनाला होती, खांदा द्यायला भांडत होती. आणि बाहेर रस्त्यावर काय बोलली असती? की म्हाताऱ्या विल्फ टाँक्सनं आट्यांच्या चकचा लेथ उलटा चालवला. त्याच्याबद्दल शेवटचं हेच राहिलं असतं. मला ते चाललं नसतं."

"चक त्यांना लागला?"

"नाही. लागला असता तर खूण असती. डॉक्टर मला म्हणाला, हृदय असं झालं होतं की बुटाची नाडी बांधतानाही गेला असता. पण तो आवाज, पोरी. तो दचकला असेल. मी रोज विचार करतो, त्या क्षणी त्याला कळलं असेल का की काय चुकलं." ते थांबले. "मला तेच समजत नाही. मी घातलेला स्क्रूसुद्धा तो माझ्यासमोर पुन्हा तपासायचा. चाळीस वर्षं मी शिव्या घातल्या त्याला त्यावरून. पण हे त्याचं स्वतःचंच काम होतं, ते कशाला तपासेल. डोकं चालेनासं झालं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी बिअर पिताना बरोबर बसलो होतो, तेव्हाही नाही. वय झालं, दुसरं काय. कोणाचंही होतं. तुला सांगणार नव्हतो मी, आणि तूही कुठे बोलू नकोस. आपल्या दोघांत राहू दे."

आपल्या दोघांत राहू दे. तेवढंच करायचं होतं. मी मान हलवली असती तर काकांनी टोपी घातली असती, मुख्य बटण चालू केलं असतं, आणि दर रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघांनी मिळून बाबांना माफ केलं असतं.

बाहेर फेलोजबाई कोणाशी तरी हसत बोलत होत्या. काका माझ्याकडे बघत होते, दमलेल्या, प्रेमळ डोळ्यांनी. ते डोळे यानंतर माझ्याकडे कसे बघतील ते मला माहीत नव्हतं, आणि त्याची मला त्या यंत्रापेक्षा जास्त भीती वाटत होती.

"त्यांचं डोकं ठिकाणावर होतं, काका," मी म्हणाले. "ते त्यांचं काम नव्हतं. त्यांनी मला आठ घालायला सांगितलं होतं, नीट समजावलं होतं. मला जमेना, माझी बस चुकत होती, म्हणून मी पट्टा सरळ जोडला. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी झाला म्हणून सांगितलं."